कमानीच्या आत काय आहे?

मागच्या जिल्हा बैठकीत कापसाच्या भावाचा विषय संपला, चहा झाला, लोक उठायच्या बेतात होते. तेवढ्यात कळमनुरी तालुक्यातले एक जुने कार्यकर्ते उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, कापसाचं झालं. आता पोरीचं सांगा. बारावी सायन्स झाली, सीईटी दिली. कृषीला जायचं म्हणते. सरकारी कॉलेजात लागंल का नाही, अन् लागलं तर कुठं लागंल, ते अजून कळंना. एका खासगी विद्यापीठाचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. आज पैसे भरा, जागा पक्की म्हणतो. त्यासाठी एक एकर काढावं लागंल. काढू का?"

सभागृहात कोणी बोलले नाही. कापसाचा उत्पादन खर्च तोंडपाठ सांगणारी माणसे त्या प्रश्नापुढे गप्प झाली. आम्हीही त्या दिवशी उत्तर दिले नाही, पुढच्या अंकात लिहितो म्हणालो. कारण हा प्रश्न एका घरचा नाही. आज हिंगोली जिल्ह्यात कोरडवाहू जमिनीचा तुकडा विकला जातो तो लग्नासाठी, दवाखान्यासाठी, आणि आता तिसरे कारण म्हणजे प्रवेशासाठी.

आधी शब्दांचा घोळ मिटवला पाहिजे. आपण 'सरकारी' आणि 'प्रायव्हेट' असे दोनच शब्द वापरतो. प्रत्यक्षात चार प्रकार आहेत. पहिला प्रकार विद्यापीठाच्या स्वतःच्या महाविद्यालयांचा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची परभणी, लातूर, अंबाजोगाई, बदनापूर ही महाविद्यालये आणि आपल्याच औंढा तालुक्यातले गोळेगावचे कृषी महाविद्यालय या प्रकारातले. दुसरा प्रकार संस्थेने चालवलेल्या, पण शिक्षकांचा पगार शासन देते अशा अनुदानित महाविद्यालयांचा. तिसरा प्रकार कायम विनाअनुदानित महाविद्यालयांचा. पदवी सार्वजनिक विद्यापीठाची, पण खर्च सगळा फीमधून. चौथा प्रकार स्वतंत्र कायद्याने झालेल्या स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांचा. तिथे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी सगळे त्यांचेच. मराठवाड्यात २०१९ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, असे विद्यापीठ सुरू झाले. पुणे-नाशिककडे तर ती बरीच आहेत.

हा भेद कागदी नाही. तो थेट खिशाला लागतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासनाने पूर्ण उचलली. ही सवलत शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांतही आहे. पण खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली आहेत. शिवाय प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. घरी आलेला माणूस हे सांगत नाही. आपल्या कार्यकर्त्याची मुलगी शासनाच्या फेरीतून गेली तर फी माफ, आणि त्या माणसाच्या मागे गेली तर एक एकर साफ!

आता हिशेब कापसात करू, कारण आपल्याला तोच कळतो. समजा खासगी ठिकाणची फी वर्षाला एक लाख आणि राहणे-खाणे पन्नास हजार. काही ठिकाणी यापेक्षा कमी असेल, काही ठिकाणी दुप्पट. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. दीड लाखाला साडेअठरा क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर साडेचार एकराचे सगळे पीक झाले. त्यात बियाणे, खत, फवारणी, वेचणी धरलेलीच नाही. खर्च वजा जाता निम्मे हाती राहते असे उदारपणे मानले तरी नऊ एकर कापूस एका पोराच्या एका वर्षाला. चार वर्षांना चौऱ्याहत्तर क्विंटल. ज्याच्याकडे पाचच एकर आहे त्याने काय करायचे? तो पिकातून फी भरत नाही, जमिनीतून भरतो.

म्हणून कोणी म्हणेल, मग सरकारीच बरे, लेख इथेच संपवा. तसे असते तर बरे झाले असते. पण आम्ही स्वतः कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून शिकलो आहोत, आणि आज तिथे काय आहे तेही पाहतो.

आमच्या वेळी सकाळी सात वाजता शेतावर हजेरी असे. प्रत्येकाच्या नावाचा छोटा वाफा. पेरणी, विरळणी, खुरपणी सगळी स्वतःच्या हाताने. एका खरिपात आम्ही गावी गेलो आणि ज्वारीची पेरणी लांबली. खोडमाशीने निम्म्या रोपांचे पोंगे वाळवले. गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर त्या वाफ्यात उभे केले आणि विचारले, "आता हे तुझ्या बापाचं शेत आहे असं समज, काय करशील?" उत्तर आले नाही, पण पावसाळा सुरू होताच ज्वारी का पेरायची हे जन्मात विसरलो नाही. संध्याकाळी मेस. ती विद्यार्थीच चालवत. दरमहा सेक्रेटरी बदले, बाजारातून भाजी आणणे, हिशेब फळ्यावर लिहिणे ही त्याची कामे. डाळ पातळ झाली की त्याचे काही खरे नसे. खोलीत एक पोरगा कोकणातला, एक बंजारा तांड्यावरचा, एक बौद्धवाड्यातला आणि एक आम्ही. गावात ज्यांच्या पंगती वेगळ्या, ते इथे एका ताटात भाकरी मोडत. हे शिक्षण कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नव्हते.

आणि हे फुकट मिळालेले नव्हते. १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ होईपर्यंत मराठवाड्यातल्या पोराला पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हा इथल्या गरिबाच्या पोराला पहिल्यांदा दार दिसले. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ चे. त्याच १९९४ च्या जानेवारीत औरंगाबादच्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याआधीच्या सोळा वर्षांत लोकांची घरे जळाली, जीव गेले. सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे नुसती स्वस्त फी नव्हे, ती आपल्या मागच्या पिढ्यांनी मिळवलेली मालमत्ता आहे. आपल्या शेतातला 'नांदेड ४४' कापूस आणि 'परभणी मोती' ज्वारी याच मालमत्तेचे उत्पन्न.

त्या मालमत्तेची आज काय अवस्था आहे? राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांत प्राध्यापक आणि शास्त्रज्ञांच्या जागा मोठ्या संख्येने रिकाम्या आहेत. इतर सार्वजनिक विद्यापीठांच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर गाडा चालतो. नेट-सेट झालेला, पीएचडी झालेला माणूस तासावर पैसे घेतो आणि सुट्टीत शेतात मजुरी करतो. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर खात्यात पडते, पण मेसवाला मात्र पहिल्या तारखेला पैसे मागतो. वसतिगृहात जागा थोड्या. पुण्याच्या विद्यापीठात मित्राच्या खोलीत चोरून राहणाऱ्या पोराला 'पॅरासाइट' म्हणतात. शब्द कीटकशास्त्रातला, पण पोरगा आपला. पदवी झाल्यावरही तो अभ्यासिकेत बसून राहतो, स्पर्धा परीक्षेची जाहिरात कधी येते याची वाट पाहत. सरकारी शिक्षणात बापाची जमीन वाचते, पण पोराची वर्षे जातात.

मागच्या खरिपात सेनगाव तालुक्यातल्या एका गावात आम्हाला दोन्हीकडचे विद्यार्थी एकाच आठवड्यात भेटले. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी गावात येऊन काम करावे लागते. आपण त्यांना 'रावेची पोरं' म्हणतो. खासगी विद्यापीठातला मुलगा नीटनेटका, वही सुंदर, इंग्रजी बोलणे सफाईदार. त्याच्या सगळ्या परीक्षा वेळेवर झालेल्या. सरकारी महाविद्यालयातल्या मुलाचा एक निकाल लांबलेला, आणि कीटकशास्त्राला दोन वर्षे कायमचा शिक्षकच नाही. आम्ही दोघांना कापसात नेले. सरकारी पोराने चालता चालता एक डोमकळी तोडली, पाकळ्या उलगडल्या आणि आतली गुलाबी बोंडअळी तळहातावर घेऊन दाखवली. कामगंध सापळे किती, कुठे, किती उंचीवर लावायचे तेही सांगितले. संशोधन केंद्राच्या शेतावर मजुरांबरोबर हिंडून तो शिकला होता. दुसरा मुलगा म्हणाला, "सर, डोमकळी परीक्षेत लिहिली होती, पाहिली आज." त्याच्या संस्थेकडे जमीन कागदावर होती, वाफे नव्हते. पण तोच मुलगा रात्री उशिरापर्यंत त्या शेतकऱ्याचा जमा-खर्च संगणकावर मांडत बसला. पोरात खोट नव्हती. वडिलांनी त्याच्यासाठी दोन एकर गहाण टाकले होते. त्याने आम्हाला बाजूला घेऊन एकच विचारले, "सर, महिन्याला किती मिळवले तर जमीन सुटेल?"

एकाला शेत मिळाले पण शिक्षक नाही, दुसऱ्याला वेळापत्रक मिळाले पण शेत नाही. आणि दोघांचेही बाप कापूसच पिकवतात.

इथे आमच्यातलेच काही तरुण मित्र विचारतात की, संघटना खुल्या बाजाराची बाजू घेते, मग खासगी शिक्षणाला नाके का मुरडता? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की आम्ही खासगीला नाके मुरडत नाही. चांगले खासगी विद्यापीठ निघाले, गिऱ्हाईकाला खरा माल दाखवला आणि खरा भाव सांगितला, तर त्याचे स्वागत आहे. मुलीसाठी आवारातच सुरक्षित वसतिगृह देणारी खासगी संस्था पाहून बाप तिकडे वळतो, त्यात त्याची चूक नाही. सरकारीने तेवढे का केले नाही, हा प्रश्न आहे. पण महाराष्ट्रात जे झाले त्याला बाजार म्हणता येत नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले. ते कोणासाठी उघडले? परवाना मंत्रालयातून मिळायचा, म्हणून मंत्रालयात ज्यांची ऊठबस त्यांनाच मिळाला. साखर कारखान्यांचे सम्राट शिक्षणसम्राट झाले. देणग्या इतक्या बोकाळल्या की १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला, आणि २०१५ साली विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी ठरवायला प्राधिकरण नेमावे लागले. ज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना पाहिली आहे त्याला हे ओळखीचे वाटेल. तिथे विकणाऱ्याला दुसरे दार नव्हते, इथे घेणाऱ्याला नाही. सरकारी दार हळूहळू लोटून घ्यायचे आणि मग म्हणायचे, पालक स्वखुशीने खासगीकडे जातात. शरद जोशींनी इंडिया आणि भारत अशी विभागणी मांडली होती. भारतातल्या कापसाचा पैसा इंडियात जाण्याचा आणखी एक रस्ता तयार झाला. त्याला कमान मोठी आहे, एवढेच.

मग त्या बापाने काय करावे? आपण बैल घेताना काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, औताला जुंपून चार तास चालवतो. दलाल कितीही गोड बोलला तरी जुंपल्याशिवाय इसार देत नाही. महाविद्यालय निवडताना मात्र कमान पाहून इसार देतो. ही सवय मोडा. संस्था सरकारी असो की खासगी, दोनदा जा. एकदा प्रवेशाच्या दिवसांत, आणि एकदा चालू वर्गात, न सांगता. पहिल्या वर्षाची नव्हे, चारही वर्षांची फी लेखी मागा. परीक्षा फी, बस, वसतिगृह, अनामत वेगळी लावणार का ते विचारा. कायम शिक्षक किती, ते नावानिशी विचारा. कृषीचे असेल तर शेत दाखवा म्हणा, आणि विद्यार्थ्यांचे वाफे कोणते ते विद्यार्थ्यालाच विचारा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे का हे पाहा, कारण पुढे देशपातळीवरच्या पदव्युत्तर प्रवेशाला ती विचारली जाते. मेसमध्ये जेवा. संध्याकाळी पोरे काय करतात ते बघा.

आणि कागद सांभाळा. मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडकवून ठेवणे हा फी वसुलीचा जुना मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली आपल्या कक्षेतल्या संस्थांना मूळ कागद ठेवून घ्यायला मनाई केली आहे, आणि प्रवेश रद्द केल्यास फी परतीचे नियमही घालून दिले आहेत. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी लोकपाल असला पाहिजे. त्याचे नाव आधीच विचारून ठेवा. कागद तपासा, छायाप्रत द्या, मूळ प्रत घरी आणा.

सरकारीकडे गेलात तर हक्काचे सोडू नका. आईबाप अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजना आहे. अनेक सार्वजनिक विद्यापीठांत कमवा आणि शिका आहे. कर्मवीर भाऊरावांची ती वाट, त्यात कमीपणा काही नाही. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला दोन तृतीयांश सवलत आहे. अल्पभूधारकाचा आणि उत्पन्नाचा दाखला जूनच्या गर्दीत नव्हे, मार्चमध्येच काढून ठेवा.

पण एकेकट्या बापाने हुशारीने वागून हा प्रश्न सुटणार नाही. म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीत तीन ठराव मांडावेत असे आम्ही सुचवतो. पहिला, कृषी विद्यापीठातील रिक्त जागा भरण्याची तारीख शासनाने जाहीर करावी. सुरुवात म्हणून गोळेगावच्या महाविद्यालयात मंजूर पदे किती आणि भरलेली किती याची माहिती प्रत्येक तालुका शाखेने माहितीच्या अधिकारात मागावी. दुसरा, निर्वाह भत्ता आणि शिष्यवृत्ती वर्षाअखेर नव्हे, सत्राच्या सुरुवातीला मिळावी. मेसचा महिना साडेतीन हजार धरला तर संकरित ज्वारीचे जवळपास एक क्विंटल झाले. शासन उशीर करते तेव्हा ती ज्वारी बाप पडत्या भावात विकतो. तिसरा, जिल्ह्यात प्रवेशासाठी माणसे फिरवणाऱ्या प्रत्येक संस्थेने चारही वर्षांचा खर्च, कोणत्या सवलती लागू नाहीत आणि मागच्या तुकडीतली किती मुले पास झाली, हे मराठीत छापून द्यावे. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापावी लागते. त्याहून कितीतरी पटीने महाग असलेल्या प्रवेशाच्या पावतीवर काहीच का नको?

त्या कार्यकर्त्यांना आमचे उत्तर असे. एकर काढू नका, निदान आत्ता नाही. शासनाच्या सगळ्या फेऱ्या होईपर्यंत थांबा. मुलीला घेऊन गोळेगावला जा, परभणीला जा, आणि त्या खासगी विद्यापीठातही जा. पाहायला पैसे पडत नाहीत. प्रश्न तिलाच विचारू द्या, चार वर्षे तिला काढायची आहेत. शासनाच्या फेरीत लांबचे गाव आले तरी घाबरू नका. दापोलीला गेलेली हिंगोलीची पोर काही हरवत नाही, भात कसा लावतात ते शिकून येते. आणि तरीही शेवटी खासगीतच जायची वेळ आली, तर तो तुमचा आणि तिचा निर्णय, संघटना तुम्हाला नावे ठेवणार नाही. फक्त सातबाऱ्याला हात लावण्याआधी तालुक्यातल्या दोघा जाणत्यांना सोबत न्या आणि चारही वर्षांचा आकडा लेखी घेऊन या. तो आकडा आपण पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचू. पुढच्या वर्षी ज्याच्या दारी तो माणूस येईल, त्याला निदान विचारायचे काय ते ठाऊक असेल.